थंड प्रदेशातल्या घराला साईडिंग कोणतं लावावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना साईडिंगबद्दल जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मापं इंच-फुटांत ठेवली आहेत, कारण तिथल्या दुकानात माल याच मापाने मिळतो.

साईडिंग म्हणजे नक्की काय? इथल्या भिंती खरंच लाकडाच्या असतात का?

बहुतेक घरांच्या, हो. मिनियापोलिस, शिकागोची उपनगरं, टोरांटो, कॅल्गरी इथलं नवं घर म्हणजे लाकडी खांबांचा सांगाडा असतो. या खांबांना स्टड म्हणतात. ते १६ किंवा २४ इंचांवर उभे असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत इन्सुलेशन भरलेलं असतं. आतून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), बाहेरून ओएसबी (लाकडाचे कपचे दाबून केलेला तक्ता) किंवा प्लायवूडचे तक्ते, म्हणजे शीदिंग. त्यावर हाउसरॅप नावाचा पाणी अडवणारा पडदा आणि सगळ्यात बाहेर साईडिंग.

कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापं बांधतात, म्हणजे झड थेट मातीच्या भिंतीवर येत नाही. साईडिंगचं काम तेच, फक्त बारमाही. झापातून थोडं पाणी आत येतंच, तसं साईडिंगच्या मागेही येतं. त्या पाण्याला वाट कशी करून दिली आहे, यावर भिंतीचं आयुष्य ठरतं. साहित्याची निवड त्यानंतर येते. दुकानात मात्र आधी रंगाचे नमुने दाखवतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

जाड साईडिंग लावलं तर घर जास्त गरम राहील का?

नाही. साध्या व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या पट्ट्यांची, आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची क्षमता) जेमतेम ०.६ असते. फायबर सिमेंट आणि पत्रा तर त्याहून कमी. पाठीला फोम चिकटवलेलं व्हिनाइल मिळतं, ते आर-२ ते आर-३ पर्यंत जातं. तुमच्या २×६ इंची स्टडच्या भिंतीच्या पोकळीतलं इन्सुलेशन आर-२० च्या आसपास असतं, त्यापुढे हे किरकोळच. फोमवालं व्हिनाइल घ्यायला हरकत नाही. ते सपाट बसतं, धक्का थोडा जास्त सोसतं. पण त्याने हीटिंगचं बिल निम्मं होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

घर गरम करायचंच असेल तर साईडिंग उतरवलेलं असताना शीदिंगच्या बाहेरून इन्सुलेशनचे सलग तक्ते लावून घ्या. ही संधी वीस-तीस वर्षांतून एकदा येते.

बाहेरून इन्सुलेशन किती जाड लावावं?

इथे अर्धवट काम करण्यापेक्षा न केलेलं बरं. घरातली हवा २१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू साधारण ७ अंश असतो. बाहेर उणे २० असताना, नुसतं पोकळीत इन्सुलेशन असलेल्या भिंतीचं शीदिंग जवळजवळ बाहेरच्या हवेइतकंच थंड होतं. विजेच्या डब्यांच्या आणि फटींच्या वाटेने निसटलेली घरातली दमट हवा तिथे पोचली की तिचं आधी पाणी होतं, मग हिम. मार्चमध्ये ते वितळतं आणि ओएसबी भिजतो. बाहेरून पुरेसं इन्सुलेशन असेल तर शीदिंग उबदार राहतं आणि ओल धरण्याचे दिवस कमी होतात. बेताचंच लावलं तर शीदिंग थंडच राहतं, वर बाहेरच्या बाजूने सुकण्याची वाटही बंद होते.

अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत यासाठी किमान आकडे दिले आहेत. भिंतीच्या आतून वाफ अडवणारा प्लास्टिकचा पडदा न लावता नुसत्या रंगावर भागवायचं असेल, तर २×६ स्टडच्या भिंतीला झोन ५ मध्ये (झोन म्हणजे हवामान विभाग, आकडा वाढला की थंडी वाढते) बाहेरून आर-७.५, झोन ६ मध्ये आर-११.२५ आणि झोन ७ मध्ये आर-१५ लागतं. शिकागो आणि बॉस्टन झोन ५ मध्ये येतात, मिनियापोलिस ६ मध्ये, डुलूथ ७ मध्ये. कॅनडात बहुधा आतून ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिक पडदा असतोच. तिथे बाहेरून पाण्याची वाफ अडवणारा फोम लावण्याआधी भिंत कोणत्या बाजूने सुकणार, याचं उत्तर ठेकेदाराकडून घ्याच.

एक इंच जाडीला एक्सपीएस फोम आर-५ देतो, ईपीएस फोम (थर्माकोल) आणि खनिज लोकर आर-४ च्या आसपास. पॉलिआयसो या फोमच्या वेष्टनावर आर-६ लिहिलेलं असतं, पण कडाक्याच्या थंडीत तो तेवढं देत नाही. मिनेसोटा किंवा अल्बर्टामध्ये खनिज लोकरीचे कडक तक्ते आम्हाला जास्त पसंत आहेत. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि ते जळत नाहीत.

व्हिनाइल उणे तीसमध्ये तडकतं का?

आपोआप तडकत नाही. धक्का बसला तर मात्र तडकतं. पीव्हीसी थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. बर्फ काढताना लागलेला फावडा, स्नोब्लोअरमधून उडालेला खडा, हॉकीचा पक एवढंही पुरतं. म्हणून ड्राइव्हवेच्या कडेच्या भिंतीला पहिल्या तीन-चार फुटांत दुसरं काही लावणं शहाणपणाचं आहे.

जाडी बघून घ्या. मानकाप्रमाणे किमान ०.०३५ इंच लागते, पण थंड भागात ०.०४४ किंवा ०.०४६ च्या खाली जाऊ नका. बिल्डरने लावून दिलेलं व्हिनाइल बहुधा पातळ असतं.

आमचं व्हिनाइल उन्हाळ्यात लाटेसारखं फुगतं आणि हिवाळ्यात रात्री कटकट वाजतं. माल खराब आहे का?

माल बहुधा ठीक असतो, खिळे घट्ट मारलेले असतात. साडेबारा फुटांची एक पट्टी हिवाळा ते उन्हाळा अर्धा ते पाऊण इंचाच्या दरम्यान लांब-आखूड होते. तिला सरकायला जागा नसेल तर ती फुगते, वाजते किंवा खाचेपाशी फाटते.

व्हिनाइल ठोकून बसवायचं नसतं, टांगायचं असतं. खिळा लांबट खाचेच्या बरोबर मध्यावर यायला हवा. त्याचं डोकं आणि पट्टी यांच्यात एका डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीएवढी फट राहिली पाहिजे. खिळा सरळ मारलेला हवा, तिरका नको, आणि दोन खिळ्यांत १६ इंच अंतर. लाकडात तो किमान सव्वा इंच शिरला पाहिजे. पट्टीची टोकं कोपऱ्याच्या खांबात आणि खिडकीभोवतीच्या जे-चॅनल नावाच्या खाचपट्टीत पाव इंच मोकळी ठेवतात. तापमान ४ अंशांच्या खाली असताना काम केलं तर तीच फट ३/८ इंच ठेवतात, कारण आकसलेली पट्टी उन्हाळ्यात वाढणार असते. दोन पट्ट्या एकमेकींवर एक इंच चढवायच्या.

तपासणी सोपी आहे. लावून झालेली पट्टी दोन्ही तळव्यांनी धरा आणि डावी-उजवीकडे ढकला. ती हलकेच सरकून खिळ्याशी 'टक' करून थांबली तर काम बरोबर. जागची हलली नाही, तर त्याच वेळी खिळे सैल करून घ्या.

शेजाऱ्याच्या खिडकीसमोरचं आमचं साईडिंग वितळल्यासारखं वाकडं झालं आहे. असं होऊ शकतं?

हो. लो-ई, म्हणजे उष्णता परावर्तित करणारा पातळ थर दिलेल्या, काचेच्या दोन तावांमधली हवा थंडीत आकसते. काच किंचित आत वाकते आणि अंतर्वक्र आरशासारखी ऊन एका पट्ट्यात गोळा करून टाकते. व्हिनाइल साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडतं, आणि त्या पट्ट्यात तेवढी उष्णता होते, तीही भर हिवाळ्यात. नवी पट्टी लावली तरी तिचंही तेच होणार. उपाय म्हणजे त्या खिडकीला बाहेरून जाळी लावणं, मध्ये झाड किंवा आडोसा करणं, नाहीतर तेवढ्या भिंतीला फायबर सिमेंट किंवा पत्रा लावणं. बार्बेक्यूची शेगडी भिंतीला खेटून ठेवली तरी असंच होतं.

फायबर सिमेंट थंडीत टिकतं का? त्याच्या कडा फुटलेल्या पाहिल्या आहेत.

टिकतं, उत्तम टिकतं, पण ते बसवण्यात हयगय चालत नाही. सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू यांची ही फळी असते, नेहमीची जाडी ५/१६ इंच. ती जळत नाही, सुतारपक्षी तिच्या नादी लागत नाही, रंग धरून ठेवते. जेम्स हार्डी या कंपनीच्या मालात हवामानाप्रमाणे दोन प्रकार असतात. गोठणाऱ्या प्रदेशासाठी एचझेड५, उष्ण-दमट भागासाठी एचझेड१०. दक्षिणेतून स्वस्तात आणलेला माल उत्तरेत लावू नका. वेष्टनावर कोणता प्रकार लिहिला आहे ते स्वतः वाचा.

कडा फुटण्याचं कारण ठरलेलं आहे. फळी कापली की तिची कड उघडी पडते आणि स्पंजासारखी पाणी पिते. ते पाणी रात्री गोठतं, फुगतं, दिवसा वितळतं. टोरांटोसारख्या ठिकाणी एका हिवाळ्यात हे कितीतरी वेळा घडतं, कारण तापमान सारखं शून्याच्या वर-खाली होत राहतं. चार-पाच वर्षांत फळीचे पापुद्रे सुटायला लागतात. सलग गोठलेल्या विनिपेगपेक्षा असं सारखं वर-खाली होणारं हवामान तिला जास्त जाचतं.

म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच दिवशी प्रायमर किंवा कंपनीने दिलेला रंग लावायचा. खालची कड जमिनीपासून किमान ६ इंच वर ठेवायची. छपराचा उतार, डेक, पायऱ्या, फरशी यांच्यापासून २ इंच. खिडकीच्या वरच्या फ्लॅशिंगपासून (पाणी बाहेर वळवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीपासून) पाव इंच, आणि ती फट कॉकने (फटी बुजवायच्या लगद्याने) भरायची नाही. पुष्कळ जण ती 'नीट' दिसावी म्हणून भरून टाकतात आणि मागून येणारं पाणी कोंडतं. दोन फळ्यांच्या उभ्या सांध्यामागे सुमारे ६ इंच रुंद फ्लॅशिंगची पट्टी घालायची. वरची फळी खालच्या फळीवर किमान सव्वा इंच चढली पाहिजे.

माल उतरवून घेतानाही लक्ष द्या. फळ्यांची थप्पी जमिनीला टेकलेली नको, ताडपत्रीखाली कोरडी हवी. भिजलेली फळी भिंतीवर लावली की ती वाळताना आकसते आणि सांधे उघडे पडतात. बारा फुटी फळी वीस पौंडांच्या आसपास भरते. ती दोघांनी उभ्या कडेवर धरून न्यायची. आडवी धरली तर मध्ये वाकून मोडते.

कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते. कात्रीसारख्या यंत्राने कापलं तर धूळ जवळजवळ होत नाही. करवत वापरायची तर धूळ ओढणारं यंत्र आणि मास्क हवाच. तुमच्या अंगणात कामगार उघड्या तोंडाने गोल करवत चालवत असतील तर काम थांबवायला सांगा, आणि मुलांना घरात घ्या.

इंजिनिअर्ड वूड म्हणजे दाबलेला भुसाच ना? बर्फात फुगणार नाही का?

ही भीती अनाठायी नाही. १९९० च्या दशकात या जातीचा पहिल्या पिढीचा माल कडांपाशी फुगला, त्यातून भूछत्रं उगवली आणि अमेरिकेत मोठे सामूहिक दावे झाले. आजचा माल वेगळा आहे. लाकडाचे लांबट कपचे, राळ, मेण आणि बुरशी-वाळवीला अटकाव करणारं झिंक बोरेट एकत्र दाबून तो करतात. एलपी स्मार्टसाइड हे त्यातलं सर्वात ओळखीचं नाव.

गारा आणि धक्के सोसायला हा माल फायबर सिमेंटपेक्षा सरस आहे, कारण तो दबतो पण फुटत नाही. हलका आहे, साध्या करवतीने कापता येतो, १६ फुटांच्या लांबीत मिळतो त्यामुळे सांधे कमी येतात. कमजोरी एकच, कापलेली कड. खिडकीभोवती तिरकी कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करायची, सांध्यात ३/१६ इंच फट ठेवून ती चांगल्या सीलंटने भरायची, आणि जमिनीपासून ६ इंच अंतर ठेवायचं. काम कमी पैशांत करणारी टोळी नेमकं हेच गाळते आणि पाच वर्षं कोणाला कळत नाही.

सीडारचं लाकूड फार सुंदर दिसतं. घ्यावं का?

दर तीन ते पाच वर्षांनी अर्धपारदर्शक स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावायची तयारी असेल तर घ्या. फळी लावण्याआधी सहाही बाजूंनी, म्हणजे पाठीमागून आणि टोकांनाही, प्रायमर किंवा स्टेन हवा. खिळे स्टेनलेस स्टीलचे. साधे खिळे सीडारमधल्या टॅनिनशी मिळून काळे ओघळ सोडतात आणि ते कायमचे राहतात. मागे हवेची पोकळी असल्याशिवाय सीडार लावूच नये.

गारांसाठी पत्र्याचं साईडिंग चांगलं ना?

पोलादाचं चांगलं, अ‍ॅल्युमिनिअमचं नाही. अ‍ॅल्युमिनिअम चेंडूनेही चेपतं. पोलादाचा पत्रा घ्याल तर २६ गेजचा घ्या. २९ गेज पातळ असतो, गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. मोठ्या गारांनी पोलादालाही पोचे येतात, पण भोक पडत नाही आणि पाणी आत जात नाही.

कॅल्गरीच्या वाचकांना हे सांगायला नको. १३ जून २०२० च्या गारपिटीत शहराच्या ईशान्य भागातल्या, जिथे भारतीय वस्ती मोठी आहे त्या वसाहतींमधल्या व्हिनाइलच्या भिंती चाळणीसारख्या झाल्या. विम्याचं नुकसान अब्ज डॉलरच्या वर गेलं. ५ ऑगस्ट २०२४ ला पुन्हा तसंच झालं, नुकसान दुपटीहून जास्त. गारा वाऱ्याच्या बाजूने तिरक्या येतात, त्यामुळे बहुतेक वेळा एक किंवा दोनच भिंती मार खातात. पैसे बेताचे असतील तर त्या दोन भिंतींना पोलाद किंवा इंजिनिअर्ड वूड आणि बाकीच्यांना व्हिनाइल असा मेळ घालता येतो.

पॉलिसीत दोन गोष्टी बघा. साईडिंगची भरपाई नव्याच्या किमतीने आहे की घसारा वजा करून? आणि जुळता रंग मिळाला नाही तर फक्त फुटलेली भिंत बदलून मिळणार की चारही?

स्टको किंवा वीट असलेलं घर घ्यायचं आहे. काय तपासावं?

स्टकोच्या, म्हणजे बाहेरून दिलेल्या सिमेंटच्या गिलाव्याच्या, बाबतीत सावध राहा. मिनेसोटातल्या वुडबरी आणि आसपासच्या उपनगरांत १९९० च्या दशकापासून बांधलेल्या कितीतरी स्टकोच्या घरांचं शीदिंग आतून कुजलेलं निघालं. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत होती. पाणी खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून आणि छपराच्या काठापासून शिरत होतं, आणि स्टको मागच्या पाणी अडवणाऱ्या कागदाला चिकटून बसल्यामुळे बाहेर पडत नव्हतं. असं घर घेण्याआधी भिंतीत सुया टोचून ओलावा मोजणारी स्वतंत्र तपासणी करून घ्या. नेहमीची घर-तपासणी यासाठी पुरत नाही.

विटेच्या बाबतीत पहिली गोष्ट लक्षात घ्या. इथली वीट आपल्याकडच्यासारखी घराचा भार घेत नाही. तो नुसता दर्शनी थर असतो आणि त्याच्या मागे साधारण एक इंच हवा असते. सगळ्यात खालच्या ओळीत दर दोन-तीन विटांनंतर एक उभा सांधा मोकळा ठेवलेला असतो. ती पाण्याची वाट आहे. मुंग्या येतात म्हणून तो सिमेंटने बुजवू नका, जाळी बसवा. विटांचे पापुद्रे सुटत असतील तर पाणी कुठून येतंय ते शोधा, बहुधा पन्हळ तुंबलेली असते.

तुम्ही कोणतं घ्याल?

शहर सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. टोरांटो, शिकागो, बॉस्टन इथे नीट बसवणारा माणूस मिळत असेल तर फायबर सिमेंट. मिनियापोलिसमध्ये इंजिनिअर्ड वूड किंवा पोलाद. कॅल्गरीत इंजिनिअर्ड वूड. घरं दाटीने असतील किंवा वणव्याचा भाग असेल तर न जळणारं काहीही, पण व्हिनाइल नको. कोलोरॅडोत बोल्डरजवळ ३० डिसेंबर २०२१ च्या आगीत काही तासांत हजाराहून जास्त घरं गेली, तीही भर हिवाळ्यात. बजेट खरंच कमी असेल तर जाड व्हिनाइल घ्या आणि वाचलेले पैसे फ्लॅशिंग आणि मागच्या पोकळीवर घाला. चांगल्या पोकळीवरचं साधं व्हिनाइल हे पोकळी नसलेल्या महागड्या सीडारपेक्षा जास्त वर्षं टिकतं.

ही पोकळी, रेनस्क्रीन, कशी करतात?

हाउसरॅपवरून प्रत्येक स्टडच्या रेषेत उभ्या लाकडी पट्ट्या ठोकतात आणि साईडिंग त्या पट्ट्यांवर बसवतात. मधली जागा ३/८ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर असली तरी काम होतं. पाऊण इंच असेल तर उत्तम. वर आणि खाली हवा खेळली पाहिजे आणि खालच्या तोंडाला किडे-उंदीर जाऊ नयेत म्हणून जाळी हवी. साईडिंगच्या पाठीला आलेलं पाणी खाली ओघळतं, उरलेलं हवेने सुकतं.

व्हँकुव्हरने हा धडा फार महाग शिकला. १९८० च्या दशकापासून तिथे बांधलेल्या शेकडो इमारतींमध्ये पाणी मुरून लाकडी सांगाडे कुजले. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये त्यावर अहवाल दिला. पुढे तिथल्या ओल्या किनारपट्टीवर अशी पोकळी नियमाचाच भाग झाली. बाकी ठिकाणी सक्ती नसली तरी फायबर सिमेंट आणि लाकडाला ती करून घ्याच. व्हिनाइलच्या घडीमागे मुळातच हवा असते, म्हणून त्याला वेगळी बहुधा अत्यावश्यक नसते, केली तर चांगलंच.

पोकळीमुळे भिंत जाड होते. खिडक्यांच्या चौकटी आत गेल्यासारख्या दिसतात. त्यासाठी लागणाऱ्या जादा पट्ट्या कोटेशनमध्ये धरल्या आहेत का ते विचारा.

पाणी सर्वात जास्त कुठून शिरतं?

जिथे छपराचा उतार भिंतीला लागून खाली येतो आणि भिंत पुढे चालू राहते, त्या जागेवरून. उदाहरणार्थ, गॅरेजचं छप्पर मुख्य घराच्या भिंतीला टेकतं आणि पन्हळीपाशी संपतं तिथे. उतारावरून आलेलं पाणी पन्हळीत न जाता भिंतीच्या कडेने साईडिंगमागे उतरतं. तिथे तळहाताएवढा वाकवलेला पत्रा बसवतात, त्याला किक-आउट फ्लॅशिंग म्हणतात. तो पाण्याला लाथाडून पन्हळीत ढकलतो. आज संध्याकाळी बाहेर जाऊन बघा. तो पत्रा नसेल आणि खाली भिंतीवर काळपट ओघळ असेल, तर मागचं शीदिंग मऊ झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी जागा म्हणजे डेक. तो जिथे घराला जोडलेला असतो तिथे वर फ्लॅशिंग नसेल तर साचलेला बर्फ वितळून थेट भिंतीत जातो. डेकवरचा बर्फ भिंतीला लोटून ठेवायची सवय सोडा.

हाउसरॅपचे ताव कौलांसारखे एकावर एक चढवायचे असतात, वरचा ताव खालच्यावर किमान ६ इंच. उलट चढवला तर पाणी त्याच्या पाठीमागे जातं आणि टेप ते फार दिवस अडवू शकत नाही.

माल किती लागेल?

साईडिंग 'स्क्वेअर'मध्ये विकतात. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. घराचा घेर गुणिले भिंतीची उंची, त्यात त्रिकोणी गेबलचं क्षेत्रफळ मिळवा.

समजा घर ४० × ३० फूट, भिंत १८ फूट. घेर १४०, म्हणून २,५२० चौरस फूट. दोन गेबल, प्रत्येकी ३० फूट रुंद आणि साडेसात फूट उंच, मिळून २२५. एकूण २,७४५. दारं-खिडक्यांचे ३०० वजा करा, २,४४५ उरले. वाया जाणारे १० टक्के धरून साधारण २,६९०, म्हणजे २७ स्क्वेअर. गेबल आणि कोपरे जास्त असतील तर १५ टक्के धरा. त्याच रंगाची, त्याच खेपेतली एक पेटी जास्त घेऊन गॅरेजमध्ये ठेवा. दहा वर्षांनी तो रंग बाजारात नसतो.

जुन्या साईडिंगवरच नवं लावलं तर?

स्वस्त पडतं, पण आत काय कुजलंय ते कळत नाही आणि फ्लॅशिंग दुरुस्त करता येत नाही. आमचा सल्ला उतरवूनच करा असा आहे.

अपवाद एक. १९८० पूर्वीच्या घरावर करड्या, ठिसूळ सिमेंटचे चौकोनी तुकडे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, कापू नका, आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घराच्या रंगात शिसं असू शकतं. २०१० पासून अशा घराचा जुना रंग खरवडणारं काम प्रमाणित ठेकेदारानेच करायचं असा नियम आहे. घरात लहान मूल असेल तर हे अजिबात टाळू नका.

काम कोणत्या महिन्यात करावं?

मे अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर सीलंट आणि रंग नीट धरत नाहीत. डब्यावर लिहिलेलं किमान तापमान रात्रीच्या तापमानाशी ताडून बघा, दुपारच्या नाही. नोव्हेंबरमध्ये सूट देऊन व्हिनाइल लावून देणारे असतात. शून्याखाली कापताना कडांना केसासारख्या चिरा जातात आणि त्या वसंतात दिसतात.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

मालाचं नाव, जाडी किंवा गेज आणि प्रकार. हाउसरॅप नवा की जुनाच. किक-आउट आणि खिडक्यांवरच्या फ्लॅशिंगचा वेगळा उल्लेख. कुजलेलं शीदिंग सापडलं तर एका ४ × ८ तक्त्याचा दर किती, हे आधीच ठरवा, कारण भिंत उघडी पडल्यावर घासाघीस करायला वाव राहत नाही. परमिट कोण काढणार तेही. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे बसवलं नाही तर मालाची वॉरंटी जाते, म्हणून 'उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे' हे शब्द करारात हवेत. ऑन्टॅरिओत १० टक्के रक्कम रोखून ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे. इतरत्रही शेवटचा हप्ता एक पाऊस पडून गेल्यावर द्यायचं ठरवता आलं तर बघा.

आमच्या घरात सहा माणसं, रोज कुकर, भाताचं पातेलं, ओले कपडे आतच. याचा साईडिंगशी संबंध आहे?

थेट आहे. ही सगळी वाफ भिंतीतून बाहेर जायला बघते. बाहेर उणे १० च्या खाली असताना घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र स्वयंपाकघरात ठेवा. ओट्यावरचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती गाळून परत घरात सोडतो, तेही तपासा. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचत असेल तर भिंतीच्या आतही तेच चाललं आहे असं समजा. फायबर सिमेंटवरच्या रंगाला फोड आले की लोक रंगाला दोष देतात, पण कित्येकदा ती ओल आतून आलेली असते.

व्हिनाइलची एकच पट्टी फुटली आहे. सगळी भिंत उतरवावी लागेल का?

नाही. हार्डवेअरच्या दुकानात झिप टूल नावाचं आकडीसारखं हत्यार मिळतं. थोडा गरम दिवस बघा. फुटलेल्या पट्टीच्या वरच्या पट्टीची खालची कड असते, त्या कडेखाली आकडी घाला, किंचित खाली ओढा आणि आडवी सरकवत न्या. कडी सुटत जाते. मोकळी झालेली पट्टी वर उचलून धरा, म्हणजे फुटलेल्या पट्टीचे खिळे दिसतील. ते चपट्या पहारीने काढा. नवी पट्टी खालून अडकवा, खाचांच्या मध्यावर सैल खिळे मारा आणि वरची कड हाताने दाबत पुन्हा बसवा. सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. उन्हात फिकी पडलेली भिंत आणि नवी पट्टी यांचा रंग जुळत नसेल, तर गॅरेजमागच्या आडबाजूची जुनी पट्टी काढून इथे लावा आणि नवी तिकडे.